आज जातोय का तो? रात्रपाळीवाल्या बाईची बातमी वाचायची रीत

५ ऑगस्ट २०२४ला सोमवार होता. दुपारी जेवून जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात भाच्याचा फोन. "मावशी, टीव्ही लाव. ढाक्यात नुसती माणसंच माणसं! हसीना आज जाते का गं?"

मी विचारलं, "खाली पट्टी काय चाललीय? देशाला उद्देशून कोण बोलणार म्हणतायत?"

"लष्करप्रमुख."

"पंतप्रधान नाही?"

"नाही. लष्करप्रमुखच."

"मग गेली ती. ठेव फोन, मला झोपू दे."

संध्याकाळपर्यंत बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरल्याची बातमी आली आणि मावशीला ज्योतिष येतं असा भाच्याचा समज झाला. ज्योतिष कसलं! एका मराठी दैनिकात २६ वर्षं रात्रपाळीला विदेशाचं पान लावलं, आणि त्यात एकदा अशी तोंडावर आपटले की पुढे स्वतःपुरती एक रीत बसवावी लागली. ती लिहून दे म्हणून तो मागे लागलाय. खुर्चीला वर्षानुवर्षं चिकटलेला माणूस, रस्त्यावर 'जा' म्हणणारी माणसं, आणि घरात बसून 'आज जातोय का?' म्हणत चॅनेल बदलणारे तुम्हीआम्ही. त्यातल्या तिसऱ्यांसाठी हे आहे.

आधी माझी फजिती

गुरुवार, १० फेब्रुवारी २०११. कैरोतल्या आंदोलनाचा सतरावा दिवस. संध्याकाळपासून एजन्सीच्या ओळींवर ओळी येत होत्या की इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक आज रात्री टीव्हीवर बोलणार आणि राजीनामा देणार. सीआयएचे प्रमुख लिऑन पॅनेटाही तिकडे अमेरिकी संसदेच्या समितीपुढे 'दाट शक्यता आहे' असं बोलून बसले होते. आमची डाक आवृत्ती, म्हणजे टेंपोने तालुक्यांना जाणारी, रात्री अकराला सुटायची. मी आडवा मथळा लावला: मुबारक पायउतार. वृत्तसंपादक म्हणाले, प्रश्नचिन्ह टाका. मी म्हटलं, अहो, सगळं जग म्हणतंय, आपणच कशाला प्रश्न विचारायचा? पान सुटलं.

कैरोत रात्रीचे पावणेअकरा म्हणजे आपल्याकडे सव्वादोन. तेव्हा मुबारक पडद्यावर आले. अधिकार उपाध्यक्षाकडे देतो म्हणाले. खुर्ची सोडतो, असं अख्ख्या भाषणात कुठेच नाही. तहरीर चौकातल्या लोकांनी पायातले बूट काढून हवेत उंच धरले. शहर आवृत्तीचं पान मी अडवून धरलं होतं, छपाईखान्यातून फोरमनचे फोनवर फोन, 'बाई, गाड्या उभ्या आहेत'. ते पान कसंबसं वाचलं. पण सकाळी सटाणा, कळवण, दिंडोरीत लोकांनी चहाबरोबर माझा मथळा वाचला. साडेनऊला एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. आवाज अगदी शांत. "बाई, तुमच्या पेपरात ते गेलेत. रेडिओवर अजून आहेत. कुणाचं धरू?"

त्याच संध्याकाळी, आपल्या साडेनऊच्या सुमाराला, उपाध्यक्ष ओमर सुलेमान यांनी अर्ध्या मिनिटाचं निवेदन वाचलं आणि मुबारक खरोखरच गेले. ऑफिसात सगळे म्हणाले, बघा, एक दिवस आधी का होईना, तुमचंच खरं झालं. मला ते कधी खरं वाटलं नाही. तो लागलेला मटका होता.

त्या आठवड्यात मी एक दोनशेपानी वही आणली. पुढचं सगळं त्या वहीतून.

वहीची पहिली ओळ

दोन घड्याळं लिहा, तिथलं आणि इथलं. कैरो हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, बेलारूसचं मिन्स्क अडीच, अल्जीअर्स साडेचार, ढाका अर्धा तास पुढे. क्षुल्लक वाटतं, पण निम्मे गोंधळ यातूनच होतात. 'आज रात्री' म्हणजे कुणाची रात्र? माझी फजिती या एका ओळीने टळली असती. सव्वादोनला होणाऱ्या भाषणावर अकरा वाजता मथळा देणाऱ्या बाईला दुसरं काय होणार?

खाली लिहा, हा माणूस कधीपासून बसलाय आणि बसला कसा. मुबारक १४ ऑक्टोबर १९८१ला राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी आठ दिवस लष्करी संचलनात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात यांना गोळ्या घातल्या, तेव्हा मुबारक शेजारच्याच खुर्चीत होते. आणीबाणीचा कायदा तेव्हा लागला तो तीस वर्षं तसाच. आता गंमत बघा. स्वतः उपाध्यक्षपदावरून चढलेल्या या माणसाने एवढ्या काळात एकही उपाध्यक्ष नेमला नाही. आपण ज्या शिडीने चढलो ती काढून घ्यायची, हे राजकारण आपल्याला काही नवीन नाही. म्हणून २९ जानेवारीला त्यांनी सुलेमान यांना उपाध्यक्ष केलं, तेव्हा आमच्याकडे ती बातमी तळाला दोन कॉलम गेली, आणि आज मी ती सगळ्यात वर घेतली असती. आपल्यानंतर कुणी असू शकतं, हे त्या माणसाने पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

'जा' हा शब्द नीट उलगडून घ्या

लोक काय ओरडतायत ते त्यांच्या भाषेत, देवनागरीत, वहीत उतरवा. मग मराठीत आणायचा प्रयत्न करा. जमलं नाही तरी हरकत नाही, त्या खटपटीत पुष्कळ कळतं.

तहरीरमध्ये एक शब्द होता, 'इरहल'. इंग्रजी एजन्सी त्याचं नुसतं 'जा' करून मोकळ्या. मराठीत आज्ञार्थ लिहायचा तर आधी तू की तुम्ही ते ठरवावं लागतं. बापाच्या वयाचा, ८२ वर्षांचा राष्ट्राध्यक्ष. 'जा' म्हणायचं, 'निघा' म्हणायचं, का 'चालता हो'? वृत्तसंपादकांना 'मुबारक, चले जाव' हवं होतं. ऐकायला झकास. पण 'चले जाव' आपण गवालिया टँकवरून परक्यांना म्हटलं होतं. इथे लोक घरातल्या कर्त्याला सांगत होते की बस झालं, आता ऊठ. उर्दू-अरबी येणारे एक जुने प्रूफवाचक आमच्याकडे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, याच्या मुळाशी उंटावर खोगीर घालून मुक्काम हलवणं आहे, पोथी ठेवायची रेहाल असते ना, ती त्याच घरातली. म्हणजे मराठीत 'बिऱ्हाड उचल'. मला ते फार आवडलं. मथळ्यात मात्र गेलं 'पायउतार', आणि तो शब्द नेमका उलटा, वाहनावरून खाली उतरायचा. ते म्हणत होते उंटावर बस आणि नीघ, आम्ही म्हणत होतो खाली उतर.

दुसरी घोषणा लांबलचक: अश-शाब युरीद इस्कात अन-निझाम. जनतेला निझाम पाडायचा आहे. आमच्या डेस्कवर नांदेडचा एक मुलगा होता. तो म्हणाला, "आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८लाच पाडला की!" हसून झालं, पण मुद्दा लक्षात राहिला. आपल्याकडे निजाम म्हणजे माणूस. अरबीत निझाम म्हणजे व्यवस्था, सगळी घडी. 'इरहल' एका माणसाला होतं, 'इस्कात' घडीला. चौकात दोन्ही एकदम चालू होतं, आणि त्यातलं कोणतं पूर्ण झालं हे पुढच्या दोन वर्षांत दिसलं. अल्जीरियात २०१९ला लोक हुशार झाले होते. राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिका २ एप्रिलला गेल्यावरही दर शुक्रवारी 'यतनहाव गा', म्हणजे सगळेच जा, असं म्हणत ते रस्त्यावर येत राहिले, थेट करोना येईपर्यंत.

पाट्याही वाचा. विनोद सुचत असेल तर लोकांची भीती मोडली आहे असं मी धरते. तहरीरमध्ये एकाने लिहिलं होतं, 'लवकर जा, हात दुखला'. दुसऱ्याने, 'जा बाबा, बायको बाळंत व्हायचीय, बाळाला तुझं तोंड बघायचं नाही'. हे वाचून मी रात्री एक वाजता एकटीच हसत होते.

गर्दीचा आकडा सोडून द्या

दहा लाख, वीस लाख, जनसागर. एका हेक्टरात, म्हणजे १०,००० चौरस मीटरमध्ये, दर चौरस मीटरला अगदी खेटून चौघे-चौघे उभे केले तरी ४०,००० माणसं मावतात. मैदान केवढं ते नकाशात बघा आणि गुणाकार करा. आपल्याकडच्या सभांचे आकडे ज्यांनी छापलेत त्यांना जास्त सांगायला नको. त्यापेक्षा गर्दी किती शहरांत आहे ते मोजा. अलेक्झांड्रिया, सुएझ, महल्ला अशी यादी लांबत गेली की वहीत खूण करा.

भाषण ऐकायचं कसं

असल्या माणसाची भाषणं बहुतेक तीन होतात. पहिल्यात मंत्रिमंडळ जातं. दुसऱ्यात 'मी पुढच्या वेळी उभा राहणार नाही'. तिसऱ्यात अधिकार दुसऱ्याकडे, खुर्ची स्वतःकडे. मुबारक यांची तिन्ही वहीत चिकटवलेली आहेत: २८ जानेवारीची मध्यरात्र, १ फेब्रुवारी, १० फेब्रुवारी. त्याच महिन्यात ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष बेन अलींनी क्रम थोडा बदलला. आधी धमकी, मग १० जानेवारीला तीन लाख नोकऱ्यांचं आश्वासन, १३ला 'फहिमतकुम', मला तुमचं कळलं. १४ला सौदीच्या विमानात. तेवीस वर्षं न कळलेलं एका रात्रीत कळलं म्हणायचं.

भाषणात क्रियापद शोधा. 'सोडतो', 'देतो राजीनामा', असं वर्तमानकाळातलं, कर्ता 'मी' असलेलं क्रियापद नसेल तर माणूस जागेवर आहे. बाकी सगळं फुलोरा. १० तारखेला मला हे ठाऊक असतं तर! मुबारक त्या रात्री म्हणाले, मी बापाच्या नात्याने लेकरांशी बोलतोय. मायबाप सरकार ही आपलीच जुनी ओळख. बाप राजीनामा देत नसतो, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

आणि भाषण जितकं उशिरा तितकं वाईट, हा माझा अनुभव. रस्त्यावरचे लोक काल जे मागत होते ते तो आज देतो. ढाक्यात जुलैच्या सुरुवातीला मागणी नोकऱ्यांतल्या राखीव जागांपुरती होती. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या जागा सात टक्क्यांवर आणल्या, एरवी मुलं घरी गेली असती. पण तोवर रंगपूरला अबू सय्यद हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला होता आणि मारला गेला होता, इंटरनेट बंद झालं होतं, शेकडो मेले होते. ३ ऑगस्टला हसीना म्हणाल्या, गणभवनाचं, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानाचं, दार उघडं आहे, या बोलायला. त्याच दिवशी शहीद मिनारवरून मागणी एकाच कलमावर आली होती: राजीनामा.

कोण ऐकेनासं झालंय ते बघा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कॅमेरा चौकाकडे असतो, तुम्ही कडेला बघायचं.

आधी पोलिस. २५ जानेवारी ही इजिप्तमध्ये पोलिस दिनाची सुट्टी. आदल्या वर्षी अलेक्झांड्रियात खालेद सैद नावाच्या तरुणाला पोलिसांनी मारहाण करून ठार केलं होतं, म्हणून आंदोलन सुरू करायला मुद्दाम तो दिवस निवडलेला. २८च्या शुक्रवारी पोलिस दिवसभर लढले आणि रात्री शहरभरातून दिसेनासे झाले. नाईलकाठी सत्ताधारी पक्षाचं मुख्यालय जळत होतं, शेजारच्या संग्रहालयाभोवती लोकांनीच हात धरून साखळी केली. मग रणगाडे आले.

लष्कराचे कागद अक्षर न् अक्षर वाचा. ३१ जानेवारीला इजिप्तच्या लष्कराने सांगितलं, लोकांच्या मागण्या रास्त आहेत, आम्ही त्यांच्यावर बळ वापरणार नाही. माझ्या मते मुबारक तिथेच संपले होते, उरले होते ते सोपस्कार. १० फेब्रुवारीला दुपारी लष्कराच्या सर्वोच्च मंडळाची बैठक झाली. संरक्षणमंत्री तंतावी अध्यक्षस्थानी, आणि सरसेनापती असलेले मुबारक खोलीतच नाहीत. बैठकीनंतर निघालं 'पत्रक क्रमांक १'. क्रमांक १! म्हणजे २ आणि ३ येणार आहेत. कुणी सही न करताच सत्ता बदलली होती. हे पत्रक माझ्या टेबलावर, त्याच रात्री, चहाच्या कपाखाली होतं. मी पॅनेटांवर विश्वास ठेवून मथळा दिला. निदान या कागदावर ठेवला असता तर 'लष्कर पुढे सरसावलं' असा धडधडीत खरा मथळा मिळाला असता.

अल्जीरियात हेच काम लष्करप्रमुख गाइद सालाह यांनी केलं. २६ मार्च २०१९ला ते म्हणाले, राज्यघटनेचं १०२वं कलम लावा, अध्यक्ष अकार्यक्षम ठरवा. आठवड्यात बुतेफ्लिका गेले. २०१३च्या पक्षाघातानंतर ते बोलतही नव्हते. समारंभात त्यांची तसबीर ठेवून तिला मान देत. लोक म्हणत, पाचव्यांदा चौकट निवडून द्यायची का? सुदानी लोकांनी तर ६ एप्रिल ही तारीख हेरून लष्करी मुख्यालयाच्याच दारात ठिय्या दिला, कारण १९८५ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निमेरी त्याच तारखेला गेले होते. पाच दिवसांत ओमर अल-बशीर यांची तीस वर्षं संपली.

मग संप. मी लालबागची. वडील गिरणीत साचा खात्यात. जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते, भोंगा बंद झाल्यावर चाळीत पसरलेली शांतता अजून कानात आहे. त्यामुळे २०११च्या ८-९ फेब्रुवारीला कैरोचे बसचालक, महल्लाचे कापड कामगार, सुएझ कालव्याच्या कंपन्यांतले कामगार काम थांबवून बसल्याच्या चार ओळी आल्या, तेव्हा मी त्या दोनदा वाचल्या. चौकातली मुलं कितीही दिवस बसू शकतात, सरकार त्यांना कंटाळवू शकतं. यंत्र थांबलं की सेनापतींचाही हिशेब बदलतो, कारण इजिप्तच्या लष्कराचे स्वतःचे कारखाने आहेत.

आणि आमचे व्यवसायबंधू. अल-अहराम हे सरकारी दैनिक वाचता येत नसलं तरी बघत चला. सप्टेंबर २०१०ला त्यांनी व्हाइट हाउसमधला एक फोटो छापला होता. मूळ फोटोत ओबामा पुढे, मुबारक मागे. छापील फोटोत मुबारक सगळ्यांच्या पुढे. पकडले गेल्यावर संपादक म्हणाले, तो भावदर्शी फोटो होता! (मी हा शब्द पुढे वर्षभर ऑफिसात वापरला. कुणाची रजा नामंजूर झाली की म्हणायचे, हजेरीपटावर भावदर्शी सही कर.) २६ जानेवारीला त्यांच्या पहिल्या पानावर लेबनॉनची निदर्शनं ठळक होती. सरकारी वाहिन्या नाईलवरचे शांत पूल दाखवत होत्या. ३ फेब्रुवारीला नाईल टीव्हीच्या शाहिरा अमीन काम सोडून बाहेर पडल्या. १२ला अल-अहरामचा मथळा आला, जनतेने निझाम पाडला. असा माणूस कधी बाजू बदलतो त्याची तारीख टिपून ठेवा. धीट असतो तो आधी बदलतो, त्याचं नाव लिहा. बाकीचे वारा बघतात.

सोफ्यावरचा पक्ष

इजिप्तमध्ये एक झकास शब्द निघाला, 'हिज्ब अल-कनबा', सोफ्याचा पक्ष. चौकात न गेलेले, घरात टीव्हीपुढे बसलेले लाखो लोक. यांचं मत वहीत आल्याशिवाय पान पूर्ण होत नाही, आणि ते टीव्हीवर कधीच दिसत नाही. ते मिळवायला ओळखी काढाव्या लागतात.

माझ्या ओळखीतली एक नाशिकची बाई तेव्हा कैरोच्या मादी भागात राहायची, नवरा इंजिनिअर. २७ जानेवारीच्या रात्री इंटरनेट गेलं, दुसऱ्या दिवशी मोबाइल गेले, पण घरचा साधा फोन चालू होता. एअर इंडियाचं खास विमान भारतीयांना घेऊन मुंबईला निघालं, त्यात ती बसली नाही, कारण नवरा येईना. तुरुंग फुटले होते, पोलिस नव्हते, म्हणून गल्लोगल्ली मोहल्ला समित्या झाल्या होत्या. तिचा नवरा रात्री इमारतीच्या दारात इजिप्शियन शेजाऱ्यांबरोबर पहारा द्यायचा, हातात क्रिकेटची बॅट. कुणाकडे काठी, कुणाकडे स्वयंपाकघरातला सुरा, आणि याच्याकडे बॅट. शेजारी ती उलटसुलट करून बघायचे, हे कसलं हत्यार म्हणून.

तिची घरमालकीण सोफ्याच्या पक्षातली. १ फेब्रुवारीला मुबारक म्हणाले, याच मातीसाठी लढलो, याच मातीत मरेन. ही मालकीण ढसाढसा रडली. म्हातारा आहे, सप्टेंबरपर्यंत राहू दे की, मुलांनी आता घरी जावं, दुकानं उघडू देत. माझी मैत्रीण म्हणाली, अर्धी इमारत तसंच बोलतेय. वही तेव्हा नव्हती, मी हे ऐकून टेबलावरच्या डायरीत लिहिलं: तग धरेल.

दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारीला, पिरॅमिडजवळच्या वस्तीतले उंटवाले आणि घोडेवाले तहरीरमधल्या लोकांवर घातले गेले. आमच्याकडे एकाने लगेच मथळा सुचवला, उंटावरचे शहाणे. मी खोडला. माणसं मेली होती, आणि त्या उंटवाल्यांचं पोटही पर्यटकांवर, आठवडाभर एक गिऱ्हाईक नव्हतं त्यांना. त्या रात्री मैत्रिणीला फोन लावला. मालकीण रडत नव्हती. तिचा भाचा चौकात होता, डोक्याला टाके पडले होते. ती म्हणाली, काल मला रडवलं आणि आज हे? चोवीस तासांत सोफा फिरला. मी 'तग धरेल' खोडून पुढे काही लिहिलं नाही. पान रिकामं ठेवायला मी तिथे शिकले, पण आठच दिवसांत विसरलेसुद्धा, ते वर सांगितलंच.

तर सोफ्याचं मत असं टिपा: सहानुभूती कधी आली, आणि ती कोणत्या घटनेने गेली. भाषणाने आलेली सहानुभूती रक्ताच्या एका दृश्याने जाते. तो माणूस हुशार असेल तर भाषणानंतर दोन-चार दिवस गप्प बसतो. बहुतेकांची माणसं त्यांना गप्प बसू देत नाहीत.

रीत फसते तेव्हा

फसते. मिन्स्क, ऑगस्ट २०२०. मी निवृत्त होऊन घरी, करोनामुळे कुठे जाणं नाही, वही उघडलेली. बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को १९९४पासून बसलेले, ९ तारखेच्या निवडणुकीत ८० टक्के मतं जाहीर, रस्ते भरलेले. १७ला ते एका अवजड वाहनांच्या कारखान्यात गेले आणि कामगारांनी तोंडावर 'उखदी' म्हटलं. चालता हो. कामगार! संप! सरकारी टीव्हीतले लोकही राजीनामे देत होते. मी धाकट्या भावाशी पैज लावली, दसऱ्याच्या आत जातो, एक किलो आंबा बर्फीची.

मी मोजल्या नाहीत त्या दोन गोष्टी. पोलिस आणि सुरक्षा दलं तसूभर हलली नाहीत, आणि मॉस्कोतून पुतिन म्हणाले की गरज पडली तर आमचं दल तयार ठेवलंय. २३ला लुकाशेन्को हेलिकॉप्टरमधून बंदूक घेऊन उतरले, लोक हसले, मीही हसले. तो विनोद आपल्या दलांसाठी होता, की मी पळत नाही, तुम्हीही पळू नका. हजारोंना पकडलं. दसऱ्याला बर्फी मी नेऊन दिली. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवलाय: बाहेरचा पाठीराखा कोण.

गेल्यावर वही मिटू नका

राजवाड्यातली दृश्यं टीव्हीला फार आवडतात. २०२२ला कोलंबोत राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातला पोहण्याचा तलाव, ढाक्यात गणभवनातून बदकं, मासे, साड्या घेऊन निघालेले लोक. बघा, मजा आहे, पण त्याच पानावर बाकीचंही लिहा. ढाक्यात त्याच दिवसांत पोलिस ठाणी जळली, हसीनांच्या पक्षाच्या, म्हणजे अवामी लीगवाल्यांच्या, आणि हिंदूंच्या घरांवर, दुकानांवर हल्ले झाले, धानमंडीतलं बंगबंधूंचं, म्हणजे हसीनांचे वडील शेख मुजीब यांचं, घर पेटवलं. सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, २०१९ला बशीर गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, ३ जूनला, ठिय्या दिलेल्या लोकांवर सुरक्षा दलं तुटून पडली आणि शंभरावर माणसं गेली. २०२३च्या एप्रिलपासून तिथे युद्धच आहे.

कैरोचं पान मी अडीच वर्षं चालू ठेवलं. अठरा दिवसांत किमान ८४६ माणसं मेल्याचं चौकशी समितीने सांगितलं. २०१२ला मोर्सी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, मुबारक यांना जन्मठेप झाली. ३० जून २०१३ला लोक पुन्हा तहरीरमध्ये, पुन्हा 'इरहल', आता मोर्सींना, आणि या वेळी मादीची ती मालकीणही सोफ्यावरून उठून गेली होती. ३ जुलैला लष्कराने मोर्सींना काढलं. २०१७ला मुबारक त्या खटल्यात निर्दोष सुटले, २०२०च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा लष्करी इतमामात अंत्यविधी झाला. निझाम जागेवरच होता. नांदेडच्या त्या मुलाने मेसेज केला होता, "ताई, आपला तरी एकदाच पडला."

भाच्याला वही दिली नाही, झेरॉक्स दिली. त्याने पहिला प्रश्न विचारला तो मिन्स्कच्या पानावरचा: इथे शेवटची तारीख का नाही? म्हटलं, माणूस अजून खुर्चीत आहे, तारीख कुठून आणू? त्या जागी बर्फीचा हिशेब लिहिलेला आहे, तेवढा तू खोड.